निरोगी वस्तीतील मयतांबाबत

प्रति,
मा. प्रमुखसाहेब,
वस्तीनिहाय आरोग्य मोजणी कक्ष, जुन्नर.

विषय : कोकरेवस्तीवर नर्सबाई पुन्हा पाठविणेबाबत.
संदर्भ : आपल्या कक्षाची दोन नकारपत्रे.

महोदय,

मी भिमा धर्माजी कोकरे, मढच्या वर डोंगरात राहणारा मेंढपाळ, सविनय कळवितो की, आपल्या मोजणीत आमची वस्ती सर्वांत निरोगी ठरली. नकाशावर ती हिरवी आहे. सबब गरज नाही म्हणून आमची नर्सबाई बंद झाली. सन्मानाबद्दल आभारी आहे.

१) दिवाळी झाली की आम्ही घरे बंद करून, दारांना बाभळीची काटी लावून मेंढरांमागे खाली उतरतो, ते पावसाळ्याच्या तोंडावर परततो. मोजणी उन्हाळ्यात होते. काटी लावलेल्या घरात कोणी आजारी सापडत नाही. खालच्या गावात बागायतदाराला सर्दी झाली तरी नोंद होते.

२) थोरली सून दिशा गेल्या वर्षी परतालुक्यात, मेंढरांच्या तळावर बाळंत होताना गेली. मूलही गेले. हे मृत्यू आमच्या वस्तीच्या नावे धरावेत, असा अर्ज केला. उत्तर आले : मृत्यू हद्दीबाहेरचे आहेत. हद्दीत घडल्यास नर्सबाईचा विचार करता येईल.

३) हे उत्तर ऐकून माझी आई गजराबाई, जी दम्याने खंगली होती, यंदा मेंढरांबरोबर निघेना. म्हणाली, "मी हितंच ऱ्हाते. माजं मरान तरी हद्दीत हुंदे. धाकल्या नातसुनंला नर्सबाई भेटंल. मी लई जगले." तिच्यापाशी मी थांबलो. तिने औषध तोंडाला लावू दिले नाही. माघात गेली. दार मुद्दाम उघडे ठेवायला लावले होते.

४) आपले दुसरे उत्तर : मयत वयोवृद्ध असल्याने ग्राह्य नाही, माता अथवा बालक असणे आवश्यक. साहेब, मला फार राग आला. ही अट आधी कळविली असती, तर म्हातारीने औषध तरी घेतले असते.

५) नियमात बसेल असे माणूस आता वस्तीत एकच आहे. धाकटी सून नूतन, नववा महिना. तिचे माहेरही मेंढरांमागेच असते, म्हणून तिला तळावरून परत आणले आहे. ती हद्दीत आहे. दाराला काटी नाही.

तरी नर्सबाई आधी येणार की मोजणीवाले, एवढे कृपया लवकर कळवावे.

आपल्या हद्दीतला, नम्र,
भिमा धर्माजी कोकरे
दि. ४ एप्रिल २०२५

सोबत : दोन्ही नकारपत्रे, आईचा मृत्यूदाखला. दिशाचा दाखला हद्दीबाहेरचा असल्याने जोडलेला नाही.