पाचव्या माळेचा खाडा

४ ऑक्टोबर ५६, गुरुवार

झालं. शेजारच्या कमलाबाईंनी माझ्या वतीने नवस बोलून टाकला! नळावर, सगळ्यांच्या देखत. "सीताराम सुटावा म्हणून आमची शांता नवरात्रभर अनवाणी चालणार. नऊ माळा, नऊ देव्या, जाऊन येऊन पायी." मी भरलेला हंडा कमरेवर घेऊन उभी. नाही कोणत्या तोंडाने म्हणू? नवरा संयुक्त महाराष्ट्रासाठी तुरुंगात. जानेवारीत लाठी खाल्ली, दगडफेकीच्या केसमध्ये आत गेले. दसऱ्यानंतर निकाल आहे. जिन्यापाशी भिंतीवर खडूने ह्यांचं नाव लिहिलंय, पोरं त्याला नमस्कार करतात.

सासूबाई तांदूळ निवडत राहिल्या.

५ ऑक्टोबर, पहिली माळ

घोडपदेव ते मुंबादेवी. डांबर तव्यासारखं तापलेलं. ट्राम टणटण करत शेजारून जाते, तिच्याकडे बघायचंसुद्धा नाही. देवळात कुणीतरी सांगितलं असावं, एक म्हातारी येऊन माझ्याच पाया पडली. "लढवय्याची बायको तू." मेल्याहून मेल्यासारखं झालं.

७ ऑक्टोबर, तिसरी माळ

तळवे सोलवटलेत. देवीपुढे उभी राहिले की "त्यांना सोडव" म्हणायचं. तोंडातून निघतं, "सगळ्यांना सुखी ठेव." रोज तेच.

८ ऑक्टोबर, चौथी माळ

उद्या वरळी. तिथल्या देवीला कौल लावायचा. उजवा दिला की माणूस सुटतो, डावा दिला की नाही. कमलाबाईंनी बजावलंय, "तूच विचारून ये हो."

मला नाही विचारायचं.

९ ऑक्टोबर, पाचवी माळ

खोटं बोलले. धडधडीत. सकाळी पाय धरून बसले, म्हटलं काच गेली. काच कसली नि काय, नखाएवढं खरचटलंय. वर हळद थापून हे एवढं फडकं गुंडाळलं.

कमलाबाई धावत आल्या. "अगं बाई, नवसात खंड?" मग त्यांनाच सुचलं. त्यांचे मालक मिलमध्ये जॉबर, कामगारांवरचे मुकादम, त्यामुळे सगळी अक्कल मिलच्या खात्यातली. "मिलमध्ये एकाचा खाडा झाला की बदली उभा राहतोच ना? आज तुझी सासू बदली. देवीला घरातलं माणूस आल्याशी कारण."

सासूबाईंनी ओटीची पिशवी उचलली. साठीची बाई, अनवाणी, वरळीपर्यंत! तरी मी तोंड उघडलं नाही. जाताना म्हणाल्या, "तू रव घराक. पड जरा."

आणि मी पडले. नवरात्रात गादीला पाठ लावू नये म्हणतात. मी लावली. खाटेवर, ह्यांच्या जागी, अगदी मधोमध.

दुपारी पहिल्या पाळीचा भोंगा झाला. एरवी ह्या भोंग्यापासून मी मोजत बसायची. आता पाळी सुटणार, आता हातभट्टी, मग जिन्यात पावलं, मग खिळ्यावरचा पट्टा. मागाचा चामडी पट्टा, मिलमधून आणलेला, खास माझ्यासाठी. मध्ये पडल्या तर सासूबाईंनाही. आज भोंगा झाला नि मी कूस बदलून पुन्हा झोपले. लग्न झाल्यापासून अशी झोप लागली नव्हती.

उठले तेव्हा कळून चुकलं. मला ते परत नकोत. म्हणून पाय दुखतोय.

लाज वाटते. ज्याच्या पाठीवर लाठी बसली तो माणूस आत राहावा असं त्याची बायको म्हणते. लाठी बसली तेव्हा ते मागे सरले नव्हते, हे खरंय. लोकांनी सांगितलं तेव्हा माझीही छाती फुगली होती. आणि पट्टाही खरा आहे. कुठलं कुठे ठेवू?

खिळा मोकळा दिसला. घटापुढे चामडं नको म्हणून सासूबाईंनी आत टाकला असेल.

दिवेलागणीला त्या आल्या. पाय धुळीने माखलेले. कमलाबाईंनी दारातच गाठलं, "कौल काय झाला?"

"उजवो दिल्यान."

कमलाबाईंनी गॅलरीभर ओरडून सांगितलं. मी पाणी घेऊन सासूबाईंचे पाय धुतले. मान वर करवेना.

१० ऑक्टोबर, सहावी माळ

चालले. फडकं काढून टाकलं. लालबागला रस्ता खणलाय, मुद्दाम खडीवरून गेले.

१३ ऑक्टोबर, नववी माळ

महालक्ष्मी. ओटी भरली. काही मागितलं नाही, तिला माहीत असेलच. नवस संपला.

१४ ऑक्टोबर, दसरा

पलीकडची चाळ ओस, सगळी नागपूरला दीक्षेला गेलीत. जाताना किती आनंदात होती. मी सोनं वाटत फिरले नि सगळ्यांनी एकच आशीर्वाद दिला. सीताराम लवकर येवो.

१८ ऑक्टोबर

सुटले. पुरावा टिकला नाही म्हणे. उद्या सकाळी येणार.

कमलाबाई पेढे घेऊन आल्या. "देवीचा कौल खोटा जातो होय? तुझ्या पायांनी आणलं गं त्याला!" सगळ्या बायांनी मला कुंकू लावलं. कपाळ जड झालंय. त्या गेल्यावर सासूबाईंना म्हटलं, "खरं पुण्य तुमचं. त्या दिवशी तुम्ही गेलात." त्या चुलीपुढे बसून राहिल्या. विस्तव कधीच विझला होता.

१९ ऑक्टोबर, सकाळ

सासूबाईंनी कागदात गुंडाळलेल्या नव्या चपला पुढ्यात ठेवल्या. "नवस सरलो. घाल."

पट्टे जाड, काळ्या चामड्याचे. हात लावला तशी ओळखलं. खिळ्याकडे बघितलं. त्याही बघत होत्या.

"त्या दिवशी मी वरळीक गेलंय नाय गो. देवीसमोर उभ्या रवल्यार 'डावो दी' असा तोंडात येयत म्हणान भियालंय. जल्माक घातलेली आवस मगे मी त्याची? नाक्यार चपला शिवतल्या कोंडीरामाकडे बसान रवलंय दिसभर."

चपला पायात घातल्या. खाली लेझीम ऐकू येतंय. आले वाटतं. सासूबाई ओवाळणीचं तबक घेऊन दारात उभ्या आहेत. ओवाळायचं म्हणून मी चपला काढायला वाकले तर म्हणतात, "काढू नको. तशीच चल."