हिल्डा वाक्रूळकरचे घर, मशीन आणि एक अट

मी, हिल्डा अव्राहाम वाक्रूळकर, वय अठ्ठावन्न, जन्म पेणजवळचा, वाढले मुंबईत, गेली सोळा वर्षे राहणार रामला, इस्राएल, कोणाच्याही दडपणाखाली न येता हे लिहून ठेवते. माझा डावा स्तन १९६८ साली कॅन्सरमुळे कापून काढला. अक्कल जाग्यावर आहे. डॉक्टरांनी दोन वर्षे सांगितली होती. अकरा झाली.

१. शिवणाचे मशीन शेजारीण गेउला हिला द्यावे. तिचेही ऑपरेशन गेल्या वर्षी झाले. मला दवाखान्यात स्तनाच्या जागी घालायला कापसाची उशी दिली होती, ती चालताना गळ्यापर्यंत सरकायची. मी पिशवी शिवून तिच्यात मसूर भरले. वजन बरोबर साधले. मग बायका विचारत येऊ लागल्या. कोणी हिब्रू बोले, कोणी अरबी, कोणी मराठी. माप देताना लाजत मात्र सगळ्याच. गेउलाने एकीलाही परत पाठवू नये. ऑपरेशनच्या बाजूचा हात सुजला की मशीन थांबवावे.

२. पितळेची परात नणंद रिबेकाबाई यांना. माझ्या मुलीच्या, शुलामितच्या लग्नाआधी घरी मलिद्याचा विधी होता, तेव्हा त्या म्हणाल्या, "हिल्डा, तू बाजूला बस. हा रोग लागतो म्हणतात. मुलाकडच्यांना कळायला नको." मी या परातीत दोन्ही हातांनी पोहे, गूळ, खोबरे कालवले आणि मुलाच्या आईला सगळे स्वतः सांगितले. तिने दोनदा मागून खाल्ले. परात न्यावी. राग मी ठेवून घेते.

३. राहते घर शुलामितला. अट एकच, आणि ती मी जिवंत असताना पुरी व्हायला हवी.

गेल्या महिन्यात कपडे वाळत घालताना ती म्हणाली (आईला ती हिब्रूत ईमा म्हणते), "ईमा, काखेजवळ गाठ लागते. सुट्टीनंतर बघू."

मी म्हटले, "आज बघू."

ती हिब्रूत म्हणाली, माझे अंग आहे. मी मराठीत म्हटले, घर माझे आहे. तू तपासून येईपर्यंत या कागदावर सही नाही.

तीन आठवडे तिने चालढकल केली. गेल्या रविवारी दारात येऊन म्हणाली, "चल." डॉक्टरांनी गाठ तपासून येत्या मंगळवारी ऑपरेशन ठरवले आहे.

परतताना बसमध्ये तिने विचारले, "नंतर माणूस जगतं कसं?"

मी सांगितले, आधी रडते, मग कामावर जाते. दर उन्हाळ्यात मी अश्दोदच्या समुद्रात उतरते, आता गेउलाही असते. कोणी बघितले तर आम्हीही बघतो.

"आणि बाबा?"

मी सहा महिने त्यांच्याकडे पाठ करून कपडे बदलत होते. एका दुपारी ते म्हणाले, "मला टक्कल पडलं, मी कधी तुझ्यापासून डोकं लपवलं का?"

शुलामित हसली, मग माझा हात धरून रडली.

अट पुरी झाली, घर तिचे. मंगळवारी तिच्या उशाशी मी बसणार, टाके निघाले की तिचा हात रोज चोळणार, तो वर उचलायला शिकवणार. म्हणून आज सही करते, पण मला इतक्यात मरायला सवड नाही.

सही: हिल्डा अव्राहाम वाक्रूळकर
साक्षीदार: योना किहीमकर, त्सिला रोहेकर
रामला, बुधवार, १६ मे १९७९