मे महिन्याच्या सभेची डिस्क

३ जुलै २००६, अकोला
नवी डीव्हीडी डिस्क माझ्या प्लेअरवर लागत नाही. पडद्यावर एकच ओळ: ‘नो डिस्क’. मी माझ्या हाताने आत घातली, आणि यंत्र तोंडावर सांगतं की नाही. असली उत्तरं सरकारी खिडकीवर ऐकते, घरात ऐकणार नाही.
मेमधली सभा आहे तिच्यात. पातूरजवळच्या गावात मी बियाण्यांवर बोलले, तर बियाणे कंपनीचा माणूस स्वतःहून माइकवर आला. सोयाबीन उगवलं नाही तर बियाणं बदलून देऊ, पेरणीचा खर्चही आमच्याकडे लागला, म्हणाला. आता म्हणतो, मी असं बोललोच नाही. १० तारखेला कृषी अधिकाऱ्यांपुढे सुनावणी.

४ जुलै
त्याच गावच्या शेवंताबाईचा पीसीओवरून फोन. तिच्या चार एकरांत कोंब नाही. तक्रारीवर पहिली सही तिची, ती माझ्या भरवशावर, कारण पुरावा माझ्याकडे आहे असं मी भर पारावर म्हणाले होते. कं.चा माणूस गावभर सांगत फिरतोय की बाईने घरचं जुनं बियाणं पेरलं.
“ताई, तुमची डिस्क दिसते ना? लोकं मले लबाड म्हणून राहिले.”
दिसते, म्हणाले. सभेत तासभर बोलून जीभ अडखळत नाही, या एका शब्दाला अडखळली.

५ जुलै
मेकॅनिक म्हणतो लेन्स गेली, बदला. मग गेल्या वर्षीच्या डिस्क कशा लागतात? म्हणे, जुन्या डिस्क सोप्या असतात. हा तर्क नव्हे. यंत्र उचललं, घरी आणलं.
लेन्स पुसली. माहितीपुस्तिका तीनदा वाचली. शेवटी सल्ला काय, तर विक्रेत्याला भेटा. शेजारच्या देशमुखांच्या प्लेअरवरही तेच. एप्रिलनंतरच्या तिन्ही डिस्क मुक्या, आधीच्या सगळ्या बोलतात. म्हणजे खोट प्लेअरची नाही. उगाच शिव्या दिल्या त्याला.

६ जुलै, अमरावती
व्याख्यान. शब्दाला जागणाऱ्या समाजावर बोलले. टाळ्या बऱ्याच. खाली बसल्यावर स्वतःचीच लाज वाटली.

७ जुलै, पातूर
एसटीने, प्लेअर मांडीवर. कंडक्टर म्हणाला, आंदण चाललं का कोणाचं.
सलीमभाई आमच्या सभा चित्रित करतात, पोट लग्नांवर. त्यांच्या दुकानात माझी डिस्क त्यांच्या यंत्रावर झटक्यात लागली. माझ्या प्लेअरवर नाही. मी उलटतपासणी घेतली. एप्रिलपासून काय बदललं? नवा रेकॉर्डर घेतला. त्यात शेवटी काय करता? मग हळूच सांगितलं: डिस्क पूर्ण बंद करायचं एक बटण असतं, ते दाबेपर्यंत ती दुसऱ्या प्लेअरला वाचता येत नाही. ते दाबतच नाहीत. निकाहानंतर वलीम्याची दावत असते, हिंदूंच्या घरी सत्यनारायण. लोक पुन्हा येतात, मागचं त्याच डिस्कवर जोडून द्या म्हणतात. बंद केली की जोडता येत नाही.
“मॅडम, तुमची सभा बी मी शादीसारखीच धरली. वाटलं, अजून एक दिवस येईन.”
रागावले. मग हसू आलं, ते दाबलं.
बटण दाबा म्हणाले, तर त्यांचा हात मागे. बंद होताना लाईन गेली तर डिस्क कायमची जाते. मूळ कॅसेट? तिच्यावर मेमधल्याच एका हळदीचं चित्रण चढलं. प्रत काढायला दुसरं यंत्र नाही. म्हणजे ही एकच. आणि लोडशेडिंगचं वेळापत्रक कुणी पाळत नाही.
ते म्हणाले, सुनावणीत माझा रेकॉर्डरच घेऊन जा. मी म्हणाले, तिथे लाईन जाणार नाही कशावरून, आणि एक डिस्क एकाच यंत्रावर दिसते म्हटल्यावर कं.चा वकील सोडेल मला? दाबा. गेली तर शेवंताबाईच्या पाया मी पडेन.
पाच मिनिटं. पंखा बंद केला त्यांनी, जणू तेवढ्याने लाईन टिकणार होती.
माझ्या प्लेअरवर लागली. पडद्यावर कंपनीचा माणूस बोलला. सलीमभाईंनी कपाळ पुसलं.
लगेच गावच्या पीसीओवर फोन करून शेवंताबाईला बोलावून घेतलं. तिला खरं सांगितलं: त्या दिवशी दिसत नव्हती, आज दिसते. ती म्हणाली, “मले वाटलंच होतं. तरी बी मी सही माघारी नाई घेतली.”

१० जुलै, अकोला
सुनावणी. डिस्क लागली. त्याचा चेहरा, त्याचा आवाज, त्याचं वाक्य. कं.चा माणूस म्हणाला, चेहरा माझा, आवाज मागाहून भरलेला आहे; लग्नाच्या व्हिडिओवाले काय वाट्टेल ते जोडतात. साहेबांनी मूळ कॅसेट मागितली. नाही, मी म्हणाले. त्यांनी काहीतरी लिहून घेतलं.
मी उभी राहिले, कायदा, दाखले, सगळं तयार होतं. शेवंताबाईने माझा पदर ओढून मला खाली बसवलं आणि स्वतः उठली.
“साहेब, याले म्हणा, तेच वाक्य आत्ता बोल. डिस्कमधल्या आवाजासंगं लावून पाहा. काहून नाई बोलत, इतकंसं तर हाय.”
साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं. सगळ्या खोलीने पाहिलं. त्याने ग्लास उचलला, पाणी प्याला, पुन्हा भरून घेतला.
पुढची तारीख कळवू, साहेब म्हणाले. तो आमच्या आधी जिना उतरला. तेवढं वाक्य काही त्याच्या तोंडून निघालं नाही.