हरणीनं पान्हा सोडला, शैला

प्रिय शैला,

आज सकाळी आपल्या हरणी म्हशीनं तुझ्या प्राचीच्या हातावर पान्हा सोडला. म्हणून हे लिहायला बसलेय.

पोरीनं काय केलं ठाव हाय? धारेला बसताना तू नेसायचीस ती हिरवी साडी ट्रंकेतनं काढली, अंगाला गुंडाळली आन् गोठ्यात गेली. म्हशीनं हुंगलं, कान हलवलं आन् चरवी भरून दूध दिलं. आपल्या सासूबाई, आत्याबाई, दारातनं वरडल्या, "आईवर गेली गं पोरगी! आता कशाला पाठवताय कोल्हापूरला कॉलेजात? म्हशीला हिचाच हात लागणार की!" सगळी हसली. तुझा नवरा, आमचे भावजी, ते पण हसले. मी मात्र हसले न्हाय.

तुझ्या बाबतीत पण हेच ऐकलंय न्हवं मी?

धाकटी अनू झाली तेव्हाच तू म्हणाली होतीस, "अक्का, मला दोनच पोरी बास. ऑपरेशन करून घेते." आत्याबाईंना नातू पाहिजे होता, पण तसं त्या तोंडानं कधी म्हणाल्या न्हाईत. त्या म्हणायच्या, "तू पडून ऱ्हायलीस तर धार कोण काढणार?" कधी म्हस नुकतीच व्यालेली, कधी भातलावण, कधी उसाला तोड आलेली. दरवर्षी काहीतरी निघायचंच. मधी तू तांबी बसवलीस, तीही सोसली न्हाय, काढावी लागली.

एकदा तुला मोकळी करायची म्हणून मी तुझी साडी नेसून हरणीखाली बसले. चरवीसकट उडवलं की मला तिनं! आपण दोघी शेणात बसून पोट धरून हसलो. हसता हसता तू म्हणालीस, "बघा अक्का, मला सुट्टी न्हाय." मला तेव्हा ती गंमतच वाटली.

मग पाळी चुकली. चुलीपाशी उभी राहून तू मला म्हणालीस, "मला न्हाय पाहिजे, अक्का. हायत त्या दोघींना शिकवायचंय." भावजींना सांगितलंस, तर ते विळा घेऊन वैरणीला निघून गेले. मग आपण दोघीच एस्टीनं कोल्हापूरला गेलो.

त्या दवाखान्यात भिंतीवर पाटी होती, मुलगी वाचवा. डॉक्टरांनी पहिला प्रश्न काय विचारला? "पहिली दोन काय?" तू सांगितलंस, दोन्ही मुली. त्यांनी पेनच खाली ठेवलं. "म्हणजे कुठंतरी तपासून आलाय. न्हाय बाई, माझ्याकडं चौकशी येईल." तू हात जोडून म्हणालीस, "साहेब, महिना झालाय नुसता. एवढ्यात पोरगा का पोरगी कुणाला कळतंय? आन् मी पोरींसाठीच आलेय." ते म्हणाले, "नवऱ्याला आन् सासूला घेऊन या, मग बघू." औषधाच्या दुकानात तर आपल्याला उभंच केलं न्हाय. "तसली गोळी आम्ही ठेवतच न्हाय," म्हणाला आन् पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळला.

आपल्या लोकांनी पोटातल्या पोरी मारल्या, म्हणून कायदा कडक झाला. तो व्हायलाच पाहिजे होता, त्याबद्दल माझं काय म्हणणं न्हाय. पण पोरींना जपणाऱ्या आईवरच संशय घ्यायचा, ही कुठली रीत? एक मुलगा असता तर त्यांनी तुला एवढं विचारलं असतं का गं?

नंतर बाजारात कुणाकडनं काय पुडी आणलीस, ते मला सांगितलं न्हाईस. का गं बाई? मी काय परकी होते? उलट हसून म्हणालीस, "सुटले अक्का, पाळी आली." आन् मी खुळी, तुला गूळ घालून चहा करून दिला.

त्या दिवशी संध्याकाळी तोंड पांढरंफटक पडलेलं, तरी तू चरवी घेऊन बसलीस. मी म्हटलं, "ऱ्हाऊ दे आज." तू म्हणालीस, "न्हाय काढलं तर कास सुजंल तिची." म्हशीच्या कासेची काळजी होती तुला! धार पुरी काढलीस आन् तिथंच कलंडलीस. राधानगरीचा रस्ता मला कधी एवढा लांब वाटला न्हवता. कोल्हापूरला डॉक्टर म्हणाले, रक्त फार गेलंय, आधी का न्हाय आणलं?

तू गेलीस, आन् पै-पावण्यांना आत्याबाईंनी कावीळ सांगितली. तुझ्या पोरी पण अजून तेच धरून बसल्यात.

मागच्या आठवड्यात दूध संस्थेच्या हॉलात बायकांची बैठक झाली. एक डॉक्टरीणबाई आल्या होत्या. त्या म्हणाल्या, गर्भ पाडायला सज्ञान बाईला स्वतःची सही पुरते, नवऱ्याची लागत न्हाय, सासूची तर न्हाईच न्हाई. आता तर कायदा आणखी सुधारलाय, लग्न न झालेल्या बाईलाही मागता येतं. मी उठून विचारलं, "आन् महिनाच झालाय, पण पहिल्या दोन मुली असल्या तर?" त्या म्हणाल्या, "चार असू देत. इतक्या लवकर लिंग कळतच नाही, मग नाकारायचं कशाला?" मी विचारलं, हे कधीपासनं? त्या म्हणाल्या, सहीचं तर पन्नास वर्षांपासनं. म्हणजे तू जिवंत होतीस तेव्हाही, शैला! कायदा तुझ्या बाजूनं होता आन् आपल्याला कुणी सांगितलं न्हाय. मी तिथंच सगळ्यांसमोर रडले.

तर आज संध्याकाळी ती साडी मी भावजींच्या हातात दिली. "बसा," म्हटलं. आत्याबाई म्हणाल्या, "गड्यानं लुगडं गुंडाळायचं? गाव हसंल!" मी म्हटलं, "हसू दे की." भावजी साडी गुंडाळून बसले. हरणीनं लाथ झाडली, चरवी लांब गेली. ते उठले, ती घेऊन परत बसले. डोक्यावरचा पदर तोंडाशी धरला. मग मला म्हणाले, "वहिनी, अजून वास हाय तिचा." थोडंसं दूध चरवीत पडलं. थोडंच, पण पडलं.

शैला, तुला शब्द देते. प्राची कॉलेजात जाणार. जायच्या आधी मी तिला जवळ बसवून सांगणार, तुझी आई काविळीनं गेली न्हाय. कशानं गेली तेही सांगणार, आन् बाईच्या अंगाला तिची स्वतःची सही पुरते हेही. अनू मोठी झाली की तिलाही.

आन् ती हिरवी साडी भावजींच्या अंगावरच फाटंल. तुझ्या पोरींच्या अंगावर मी ती चढू देणार न्हाय.

तुझीच,
अक्का