चहा घेतल्याशिवाय गाडी नाही

आबा, शिक्रापूरच्या चौकातलं तुमचं लिंबाचं झाड आता नाही. रस्ता रुंद झाला तेव्हा गेलं. तिथं मोबाईलचं दुकान झालंय आणि त्याच्या वरच्या खोलीत मी बसतो. काम तुमचंच करतो. माल कुणाचा पडून आहे आणि गाडी कुणाची रिकामी आहे, या दोघांची गाठ घालून द्यायची. फक्त आता गाठ घालताना माणूस समोर लागत नाही.

तुमच्या वेळी झाडाखाली बाज असायची. ड्रायव्हर यायचा, लायसन दाखवायचा, आणि तुम्ही चहा सांगायचात. तुमच्या हातचं घ्यायला काहीजण कचरतात हे तुम्हाला ठाऊक होतं. तुम्ही त्यावर कधी बोलला नाहीत. समोरच्या हॉटेलवाल्यालाच ओतायला लावायचात, काठोकाठ, बशीत. मात्र प्यायचा तो तुमच्यासमोर. "मामा, उगं येळ काढताय, गाडी लागलीय," असं कुणी कुरकुरला की तुम्ही म्हणायचात, "जा की. बशी रिकामी कर आन् जा." हात थरथरून चहा पँटवर सांडला की भाडं नाही. "ह्या हातात इस्टेरिंग देऊ व्हय? पड त्या बाजेवर. उठलास की बघू." पाबळला शाळा संपवून मी तुमच्या हाताखाली आलो, तेव्हा चार लोकांसमोर शहाणपण केलं होतं. म्हटलं, आबा, लायसन बघितलं, गाडीचे कागद बघितले, आता चहा कशाला? तुम्ही माझ्याकडं न बघताच बोललात, "कागदाला झोप येत न्हाई. तू कागद बघ, मी माणूस बघतो." सगळे हसले. मला ते बरेच दिवस लागून राहिलं होतं.

आता भाडं मोबाईलवर टाकतो. कुठून कुठं जायचं, कसला माल, किती टन, एवढं लिहिलं की आसपास ज्याची गाडी रिकामी असेल त्याच्या फोनवर ते वाजतं. तो दर सांगतो, मी होकार देतो, झालं. आबा, हे वाईट आहे असं मी म्हणणार नाही. झाडाखाली ड्रायव्हर दिवसचे दिवस भाड्याची वाट बघत बसायचे, एजंटांच्या मागंमागं फिरायचे, आणि सगळेच एजंट तुमच्यासारखे नव्हते. आता रिकामी गाडी परत न्यावी लागत नाही. कुणाच्या पाया पडावं लागत नाही. पण एक गोष्ट माझ्या ध्यानात फार उशिरा आली. त्या वाट बघण्यातच ते झोपायचे. मोबाईलनं वाट बघणं संपवलं, आणि त्याबरोबर झोपही गेली.

मागच्या महिन्यात राहू गावच्या गुऱ्हाळवाल्या आप्पांचा पहाटेच फोन आला. गुळाच्या ढेपा गुजरातला पाठवायच्या, आणि त्याच दिवशी. सकाळी मी त्रिसरण म्हटलं, उदबत्ती लावली आणि भाडं टाकलं. उदबत्तीची पहिली राख पडायच्या आत गाडी मिळाली. कुरकुंभला माल उतरवून ट्रक नुकताच रिकामा झाला होता. ड्रायव्हरचा फोटो, नावापुढं हिरवी खूण, तारे जवळजवळ सगळे. दुपारी मी त्याला फोन केला.

"भरली का गाडी?"

"भरली शेठ, निघतो."

"कुरकुंभला कुठून आला होतात?"

"भरली शेठ, निघतो."

त्याला माझं बोलणं ऐकू येत होतं, पण पोचत नव्हतं. झोपलात कधी, असं विचारल्यावर तो हसला. "झोपतो की शेठ, तिकडं पोचल्यावर." मी लगेच आप्पांना फोन लावला. म्हटलं, त्याला तासभर पडू द्या. आप्पा उखडले. "ताडपत्री आवळून झाली. आता काय पाळण्यात घालून झोके देऊ त्याला? तिकडं व्यापारी खोळंबलाय. तुला जमत न्हाई तर सांग, मोबाईलवर छप्पन पडलेत तुझ्यासारखे." मी फोन ठेवला. गाडी शिक्रापूरवरूनच जाणार होती, चौकात थांबवू असं ठरवलं. टपरीवाल्याला चहा सांगितला आणि बशी मागितली, तर तो म्हणाला, "दादा, कागदी कप हाय. बशी कोण ठेवतंय आता?" मग फळीवर जपून ठेवलेली तुमच्या वेळची काचेची बशी काढली आणि पुसत बसलो. समोर मोबाईलच्या नकाशावर त्या गाडीचा निळा ठिपका सरकत होता.

ठिपका भीमेचा पूल ओलांडून आला. तळेगाव ढमढेरेच्या अलीकडं, कालव्याजवळ, थांबला. तिथं ना हॉटेल, ना पंप. थांबावं असं काहीच नाही. मी फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. परत लावला. मग ज्या कंपनीतर्फे मोबाईलवर भाडं टाकतो, तिच्या मदतीच्या नंबरवर केला, तर रेकॉर्ड केलेला बाईचा गोड आवाज आला, "आपली गाडी मार्गावर आहे." ठिपका हलत नव्हता. हातातली बशी तशीच शर्टात घातली आणि मोटरसायकल काढली. चौकात कंटेनर अडकलेले, हॉर्न, धूळ, आणि माझ्या तोंडात पहिलं शील. पाणातिपाता वेरमणी. जीव घेणार नाही, असं मी रोज सकाळी म्हणतो. तेच तेच म्हणत निघालो, पण पुढचे शब्द काही केल्या आठवेनात.

कालव्याजवळ डांबरावरून चाकांचे काळे पट्टे सरळ उसात गेले आहेत. ऊस आडवा झालाय. ट्रकचं तोंड कालव्यापासून हातभरावर थांबलंय. बांधावर ड्रायव्हर बसलाय, केसांत उसाचं पाचट, खरचटलंसुद्धा नाही. रानाची मालकीण त्याच्यासमोर उभी राहून ओरडतीय, "मेला असतास की रं! आन् माझ्या उसाचं काय?" मला बघून ती वळली.

"तुमी कोण? गाडीचं मालक?"

"नाही. मी भाडं दिलं."

"मंग भाडं देताना तोंड बघत न्हाई व्हय माणसाचं?"

फोटो बघितला होता, असं ओठांवर आलं होतं.

ड्रायव्हर उठला आणि त्यानं माझा हात धरला. "शेठ, मोबाईलवर झोपेचं टाकू नका. तारे गेले तर भाडं कोण देईल मला? तीच एक वळख हाय माझी." तेवढ्यात मोबाईलनंच विचारलं, गाडी का थांबली? खाली कारणं दिली होती. पंक्चर, बिघाड, वाहतूक, पाऊस. झोप त्यात नव्हतीच. मी पंक्चरवर बोट ठेवलं. खोटं न बोलण्याचं शीलही मी रोज म्हणतो, आबा. त्या दिवशी ते जाणून मोडलं.

त्या बाईनंच दिराला ट्रॅक्टर घेऊन बोलावलं. गाडी रस्त्यावर आली, तोवर ड्रायव्हर तिच्या गोठ्याशेजारी पोत्यावर गाढ झोपला होता. मी त्याच्याजवळ बसून राहिलो. आप्पांचे फोन येत होते, घेतले नाहीत. दिवस कलला तेव्हा तो उठला. बाईनं आतून चहा आणला, तोंडानं बडबड चालूच. मी शर्टातून बशी काढली आणि काठोकाठ भरून त्याच्यापुढं धरली. त्यानं ती दोन्ही हातांत धरली. एक थेंब न सांडता प्यायला, आणि गेला.

आता प्रत्येक भाड्याखाली मी एक ओळ लिहितो : शिक्रापूरला चहा घेतल्याशिवाय गाडी नाही. बरेच ड्रायव्हर ते वाचून दुसरं भाडं बघतात. काही येतात, बशी बघून हसतात आणि पितात. आप्पा अजून बोलत नाहीत. हा कागद टाकायला कुठली पेटी नाही, म्हणून घडी घालून त्याच बशीखाली ठेवतोय.

एक मात्र राहिलं. त्या संध्याकाळी ड्रायव्हर गेल्यावर बाईनं उरलेला चहा त्याच बशीत मला दिला. तो माझ्या हातून सांडला, आबा. अर्धा शर्टावर, अर्धा मातीत. तरीही मी मोटरसायकल चालवत घरी आलो. तुम्ही येऊ दिलं नसतं.