'पाटावरचा पाहुणा' पाहून न रडल्याबाबत

प्रति,
मा. गट विकास अधिकारी,
पंचायत समिती, भूम,
जि. उस्मानाबाद.

विषय : सार्वजनिक दूरदर्शन संचावरील भाऊबीजेच्या चित्रपटास रडण्याच्या सक्तीबाबत मार्गदर्शन मिळणेबाबत.

संदर्भ : ग्रामसभा मौजे बोरखडी, ठराव क्र. ७, दि. २ ऑक्टोबर १९८७.

महोदय,

खाली सही करणार आबाराव ज्ञानोबा टेकाळे, वय ४६, बी.ए., सचिव, बोरखडी दूध उत्पादक सहकारी संस्था, सविनय अर्ज सादर करतो की,

१) शासनाने गावास दिलेला दूरदर्शन संच जागेअभावी आमच्या संस्थेच्या खोलीत ठेवला आहे. खोलीची किल्ली माझ्याकडे असल्याने संचाची नोंदवहीही माझ्याकडे आली. तीत तारीख, कार्यक्रम, प्रेक्षकसंख्या व शेरा असे चार रकाने आहेत. शेऱ्याच्या रकान्यात मी नेहमी 'समाधानकारक' असे लिहीत आलो. पडद्यावर तासभर नुसत्या मुंग्या दिसल्या त्या दिवशीही तसेच लिहिले आहे.

२) दरवर्षी भाऊबीजेला सायंकाळी 'पाटावरचा पाहुणा' हा चित्रपट दाखवतात. त्यातील बहीण तेरा वर्षे भावासाठी पाट मांडून बसते. चौदाव्या वर्षी भाऊ येतो. ती त्याचे पाय धुते, ओवाळते, आणि दोघे रडतात. तेव्हा सर्व गाव रडते. सरपंच श्रीपतराव टोपी डोळ्यांवर ओढून रडतात. अँटेना फिरवणारे मुनवरभाई छपरावर असल्याने त्यांना पडदा दिसत नाही, तरी ते आवाजावर रडतात. अर्जदारास रडू येत नाही. अर्जदाराने प्रयत्न केलेला आहे.

३) माझी थोरली बहीण हरणाबाई (अक्का) परंडा तालुक्यातून दर भाऊबीजेला येते. गतवर्षी तिची एस.टी. उशिरा पोहोचली. चित्रपट सुरू व्हायला दहा मिनिटे होती. मी पाटावर बसलो. अक्काचे कान संस्थेच्या खोलीकडे. तिने लावलेले कुंकू माझ्या कपाळाऐवजी चष्म्याच्या काचेवर लागले, आणि तबक दोनदा फिरवून ती "राहिलेलं मागनं ओवाळते" म्हणून पडद्यावरच्या भावाला बघायला पळाली. चित्रपट संपल्यावर रडून तिचे डोके इतके दुखू लागले की राहिलेले राहूनच गेले.

४) त्या दिवशी माझ्या हातून नोंदवहीत पुढील शेरा पडला : "चित्रपट गरजेपेक्षा लांब. भावाचे पाय धुण्यास दोन हंडे पाणी लागले. गावास तिसऱ्या दिवशी टँकर येतो हे पाहता एक तांब्या पुरेसा होता. तेरा वर्षांत भावास एक पोस्टकार्ड का मिळाले नाही, याचा खुलासा होत नाही." शेरा वस्तुस्थितीस धरून आहे. परंतु दुसऱ्या दिवशी सकाळी दूध घालण्याच्या वेळी प्रेक्षकसंख्या उतरवून घेण्यास आलेल्या सरपंचांनी तो मोठ्याने वाचला.

५) मथुराबाई या जुन्या सभासद. त्यांनी चरवी खाली ठेवली व म्हणाल्या, "दुधात बुडवायची नळी आमच्या सिनेमाला लावता व्हय, आबाराव? किती पाणी निघालं?" मी म्हणालो, दोन हंडे. हे बोलायला नको होते, हे मला त्याच क्षणी कळले. कोणी हसले नाही. अक्का दारात उभी होती. ती म्हणाली, "त्या बाईचं बघून तुला काय वाटंना, तर उद्या माझं काय वाटणार हाय?" आणि पिशवी उचलून परंड्याच्या गाडीला गेली. मी स्टँडपर्यंत मागे गेलो. तिने खिडकीची काच लावून घेतली. काच अर्धीच लागते, तरी तिने त्या अर्ध्या काचेआडूनही पाहिले नाही.

६) त्यानंतर अकरा महिने तिचे पत्र नाही. मी चार कार्डे टाकली. इकडे गावात मला लग्नाच्या पंगतीत वाढणारे लोक "तुम्हाला चालंल का? का लांबलं म्हणून लिहिताल?" असे विचारून पुढे जातात. हे एक वेळ सोसता येते.

७) दि. २ रोजीच्या ग्रामसभेत टंचाईचा विषय टँकर न आल्याने पुढे ढकलण्यात आला, व उरलेल्या वेळात ठराव क्र. ७ एकमताने मंजूर झाला. (अर्जदार हात वर न केल्याने गैरहजर धरण्यात आला.) ठराव असा : येत्या भाऊबीजेस आबाराव टेकाळे यांनी पहिल्या रांगेत बसून चित्रपट पाहावा व रडावे. सरपंच, मुनवरभाई व मथुराबाई या तीन पंचांनी खात्री करावी. पाणीटंचाई लक्षात घेता डोळ्यांस बाहेरून पाणी लावू नये. दोन्ही डोळ्यांतून रडणे आवश्यक की एक चालेल, याचा उल्लेख ठरावात नाही. विचारले असता सरपंच म्हणाले, "आधी एक तर येऊ द्या."

८) सदर ठराव बेकायदेशीर म्हणून रद्द व्हावा, अशा आशयाचा अर्ज मी लिहून तयार ठेवला होता. परंतु काल अक्काचे कार्ड आले. ती चौथी पास आहे व स्वतः लिहिते. मजकूर जसाच्या तसा देत आहे : "आबा, तुझ्या ठरावाचं हितपर्यंत कळलं. लोक हसतेत. मी सकाळच्या गाडीनं येते. औंदा आधी सगळं ओवाळते, मग पिच्चर. तू पहिल्या रांगेत बस, मी शेजारी बसते. तुला न्हाय आलं तर मी मांडीला चिमटा काढीन. ल्हानपणी काढत व्हते तसा. तवा लई रडायचास."

९) सबब आधीचा अर्ज मी फाडला असून ठरावाविरुद्ध आता माझी तक्रार नाही. चित्रपटाबाबतचे माझे मत कायम आहे. फक्त एवढेच मार्गदर्शन व्हावे की, चिमट्याने आलेले अश्रू ठराव क्र. ७ च्या पूर्ततेस ग्राह्य धरावेत किंवा कसे. चिमट्यास ठरावात परवानगी नाही, तशी मनाईही नाही. उत्तर होकारार्थी असल्यास उलट टपाली कळवावे. नकारार्थी असल्यास कृपया भाऊबीज उलटल्यावर पाठवावे, म्हणजे अक्का येऊन गेलेली असेल.

आपला नम्र व तूर्त कोरडा,

(सही)
आबाराव ज्ञानोबा टेकाळे
मु. पो. बोरखडी, ता. भूम
दि. ९ ऑक्टोबर १९८७

सोबत :
१. नोंदवहीतील शेऱ्याची नक्कल
२. ठराव क्र. ७ ची नक्कल
३. हरणाबाईचे कार्ड (मूळ. नक्कल केलेली नाही. वाचून लगेच परत मिळावे.)