नऊ गाठींची बैठक

३ मार्च

चि. खिळ्यास,
अ. उ. आ.

माझं अक्षर बघून घाबरू नकोस, सगळे धडधाकट आहेत. माझी कंबर सोडून सगळे. पन्नाशीला आलास तरी मी तुला खिळ्याच म्हणणार. लहानपणी खिसे खिळ्यांनी भरून हिंडायचास आणि धुण्यात माझी बोटं रक्ताळायची, ते मी विसरलेली नाही.

तर कंबर. डॉक्टरीणबाईंचं म्हणणं असं की वाकलेलं चालेल, बेताचं उचललेलं चालेल, पण बसल्या जागी कमरेतून वळणं बंद. आता होडीत मी दुसरं करते काय? त्या आडव्या फळीवर बसायचं, पाय समोर, आणि जाळं ओढताना अंग कधी डावीकडे पिळायचं, कधी उजवीकडे. तुझ्या भाचीने तर डॉक्टरीणबाईंच्या समोरच माझ्याकडून शब्द घेतला. मे अखेरच्या तपासणीत कंबर सुधारलेली नसेल तर होडी विकायची आणि आम्ही दोघांनी तिच्याकडे तिसऱ्या मजल्यावर राहायला जायचं. तिच्या खिडकीतून पाणी दिसतं म्हणते. दिसत असेल. दिसणाऱ्या पाण्यात जाळं कसं टाकायचं, ते काही सांगत नाही.

तू बसच्या आणि ट्रॅक्टरच्या बैठका करतोस, तशी मला होडीसाठी एक कर. बसायला सुखाची हवी आणि काढता-घालता यायला हवी, कारण परतताना ओलं जाळं पसरायला मधली जागा मोकळी लागते. रोज घरी आणायची आहे, तेव्हा हलकी कर. धक्क्यावर ठेवली तर पक्षी तिच्यावर पोट मोकळं करतात.

हे बरे आहेत. पेन्शनीत निघाल्यापासून दिवसभर वाचतात आणि मी घरी आले की मलाच बातम्या सांगतात. तुझ्या बायकोला आशीर्वाद. उत्तर लवकर लिही; माया आहे तोवर मागून घ्यावं म्हणते.

तुझी ताई


९ मार्च, कारखान्यातून

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

कमरेचं वाचून वाईट वाटलं आणि बैठकीचं वाचून आनंद झाला. दोन्ही खरं आहे, म्हणून दोन्ही लिहितो. बत्तीस वर्षं लोकांच्या पाठीखाली काम करतोय, पण होडीची बैठक माझ्याकडे कुणी मागितली नव्हती.

आधी बाजारात काय मिळतं ते बघून आलो. हमरस्त्यावर होड्यांच्या सामानाचं एक मोठं दुकान आहे. तिथे गोल फिरणारी खुर्ची होती. मी तिच्यावर बसून पाहिलं. दुकानदाराने दोनदा विचारलं, घेताय का, आणि तिसऱ्यांदा विचारलं, उठताय का. दिसायला झोकदार, पण आतली स्प्रिंग लोखंडी, खाऱ्या पाण्यात वर्षभर टिकायची नाही. शिवाय उंच. माणूस जितका उंच बसेल तितकी लहान होडी डुलते, हे त्या दुकानदाराला मी सांगितलं. त्याला आवडलं नाही. पाय कापलेली प्लॅस्टिकची खुर्ची घसरते. घडीची खुर्ची बोटं चिमटते. गाडीच्या जुन्या सीटमधला स्पंज पाणी पितो आणि मग आठवडाभर रडतो. राहिली नुसती उशी. उशीला पाठ नसते, आणि दुखतं ते पाठीतच.

तेव्हा मीच करणार. होडीच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत जाणारी फळी, तिच्यावर पाणी न पिणारा फोम, वर जाड कापड, मागे टेकायला पाठ. दोन्ही टोकांना पितळी आकडे. काठावर अडकवले की बसली, उचलले की सुटली. मला हे काम कुणी शिकवलं नाही, त्यामुळे चुकीचं शिकवायलाही कुणी नव्हतं.

आतल्या बाजूने माप घे. टेपने घेऊ नकोस. भाऊजींच्या टेपचं टोक तुटलेलं आहे हे मागच्या खेपेला मीच दाखवलं होतं. बाबांच्या दोरीने घे. तळहाता-तळहाताच्या अंतरावर मारलेल्या त्या गाठींनी बाबांनी अख्खं घर उभं केलं आणि एक दार कुठे अडकलं नाही. ती मधोमध कापून आपण अर्धी अर्धी घेतली. माझी इथे खिळ्याला टांगलेली आहे, कारखान्यात तिच्यापुढे कुणाचं चालत नाही. तू गाठी मोजून कळव, मी त्याच गाठींनी लाकूड कापतो.

वडीलकी राखून आहेसच, तशीच राख.

तुझा धाकटा


१६ मार्च

चि. खिळ्यास,
अ. उ. आ.

काठापासून काठापर्यंत नऊ गाठी आणि वर एक बोट. बोट माझं, तुझं नव्हे. तुझी बोटं वांग्यासारखी आहेत.

दोरी शोधावी लागली नाही. ती होडीतच असते. टोकाला शिसं बांधून मी तिने पाण्याची खोली बघते. आताही खोली बघून वर घेतली आणि ठिबकत होती तशीच काठावर धरून मोजली. दोनदा मोजली, नाहीतर तू तिसऱ्यांदा मोजायला लावलं असतंस.

हे विचारतात, बैठकीत चहाचा पेला ठेवायला भोक असेल का. मी म्हटलं, होडीत बसणार मी आहे.

कंबर आहे तशीच आहे. सकाळी उठताना भिंत धरावी लागते. तुझ्या भाचीला हे कळवू नकोस.

आशीर्वाद धरून राहा.

ताई


२ एप्रिल

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

बैठक आजच्या गाडीने पाठवली आहे. वेष्टण सुरीने फाडू नकोस, सुतळी सोड.

थोडं समजावून सांगतो, कारण बघणाऱ्याला वरचं कापडच दिसतं. फळी हलक्या लाकडाची, तीन वेळा तेल पाजलेली. खिळे तांब्याचे, सगळी डोकी कापडाखाली. फोम कापून त्याच्या कडा मी हाताने गोल केल्या, म्हणजे मांडीखाली रग लागत नाही. खालून पाणी निथळायला भोकं आहेत. शिवण दुहेरी, आणि प्रत्येक टाक्याचं भोक मेणाने बुजवलेलं. आकड्यांना आतून चामडं लावलंय, बाबांच्या होडीच्या काठावर ओरखडा पडू नये म्हणून. पाठ वेगळी आहे, दोन खुंट्यांवर बसते आणि ओढली की निघते. एका हाताने उचलता यावी म्हणून दोरीची मूठ दिली आहे. नऊ गाठी आणि एक बोट. बोटासाठी तुझ्या वयाच्या शेजारीणबाईंना बोलावून आणलं होतं.

चहाच्या पेल्याला भोक नाही.

बसून बघ आणि खरं काय ते लिही. कौतुक नको. (केलंस तर वाचेन.)

तुझा धाकटा


१४ एप्रिल

चि. खिळ्यास,
अ. उ. आ.

बैठक पोचली. इतकं सुंदर काम मी पाहिलं नाही. धक्क्यावर सगळ्यांनी हात लावून पाहिलं. पलीकडचा जाळेवाला तर उलटी करून टाके मोजत बसला आणि म्हणाला की हा माणूस आयुष्यात कुणाला भांडणात जिंकू देत नसणार.

रोज तिच्यावरच बसते. आठवडा होऊन गेला. सकाळी भिंत धरावी लागत नाही. पाणी एक थेंब आत गेलेलं नाही. तू काही काळजी करू नकोस आणि मुद्दाम बघायला यायची तसदीही घेऊ नकोस, उन्हाळ्यात तुझ्याकडे कामं फार असतात.

सुखी राहा.

ताई

ता. क. मेहुणेबुवांस नमस्कार. बैठकीची पाठ फारच उत्तम झाली आहे. पलंगावर भिंतीला लावून ठेवली आहे, वाचताना मान अवघडत नाही. असाच लोभ पुढेही पाठवत राहावा. आपला, भाऊजी


१८ एप्रिल

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

माझ्या बैठकीची पाठ भाऊजींच्या पलंगावर काय करते आहे?

तुझं पत्र चारदा वाचलं. सुंदर आहे असं लिहिलंस, बसते असं लिहिलंस. कशी बसते ते कुठेच नाही. काठावर अडकवताना आकडे घट्ट जातात की सैल, त्याचा एक शब्द नाही. आणि ज्या बहिणीने आजवर प्रत्येक पत्रात ये ये म्हटलं, ती येऊ नकोस म्हणते.

मला समजूत घातलेली चालत नाही. चुकलं असेल तर चुकलंय म्हण. येत्या रविवारी येतो आहे. बारीक दातांची करवत, रंधा, तेल आणि माझी अर्धी दोरी सोबत आणतो. जे काय असेल ते तिथेच उभा राहून नीट करीन.

भाऊजींना सांग, पाठ तेवढी मोकळी करून ठेवा.

तुझा धाकटा


२९ एप्रिल

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. करवत पिशवीतून काढलीच नाही, हे बायकोला सांगितलं तर तिचा विश्वास बसेना.

समोर असताना मला नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहितो.

धक्क्यावर बैठक होडीच्या आडवी धरून तू मला दाखवलीस, आणि ती दोन्ही काठांच्या बाहेर डोकावत होती, तेव्हा मला जमिनीने पोटात घ्यावं असं झालं. दोन बोटं जास्त. बत्तीस वर्षांत माझं माप दोन बोटांनी गेलेलं नाही. मी लगेच करवतीसाठी पिशवीत हात घातला, आणि तू फक्त म्हणालीस, आधी बस. मी पुढच्या फळीवर बसलो, तू वल्ही मारायला लागलीस.

ताई, मी माणसांना बसताना बघतो, तोच माझा धंदा आहे. ड्रायव्हर कसा बसतो, कारकून कसा बसतो, कोण एका कुल्ल्यावर भार टाकतो, हे मला पाठमोरं बघूनही कळतं. पण तुझ्यासारखं बसलेलं माणूस मी पाहिलं नाही. आडवी मावत नाही म्हटल्यावर तू बैठक उभी घातलीस, मधल्या फळीवरून मागच्या फळीपर्यंत. माझे आकडे दोन्ही फळ्यांना असे धरून बसले होते की जणू त्यांच्यासाठीच केले होते. पाठ उपटून भाऊजींना दिलीस, कारण उभ्या बैठकीत ती एका कुशीला आडवी येते. आणि मग घोड्यावर बसावं तशी बसलीस, दोन्हीकडे एकेक पाय.

डावीकडचं जाळं आलं तेव्हा उजवा पाय उचलून डावीकडे घेतलास आणि पाण्याकडे तोंड करून सरळ बसून ओढलंस. उजवीकडचं आलं तेव्हा पाय फिरवून तिकडे. अख्खं अंग फिरत होतं आणि कंबर मात्र जागची हलत नव्हती. मी फोमच्या कडा गोल केल्या होत्या त्या मांडीखाली रग लागू नये म्हणून. त्या कडांवरून तुझे पाय इकडचे तिकडे लोण्यासारखे सरकत होते. मी ते काम करताना हे मनातही आणलं नव्हतं. बघताना वाटलं, बैठक मी शिवली, पण केली तू.

परतताना तू बैठक एका हाताने उचललीस, जाळं पसरलंस आणि स्वतः मागच्या फळीवर टेकलीस. मी उगाच टाके तपासत बसलो.

घरी आल्यावर तुझं पहिलं पत्र काढून वाचलं. वळणं बंद, असं तू स्वच्छ लिहिलं होतंस. मी फक्त पाठ वाचली, कारण पाठी मला करता येतात.

दोन बोटांचं मात्र मनातून जाईना. तू त्या दिवशी संध्याकाळी तुझी अर्धी दोरी आणून धक्क्यावर माझ्या अर्धीशेजारी ठेवलीस, तेव्हा कळलं. गाठी तितक्याच, पण तुझी आखडलेली. इतकी वर्षं पाण्यात जाते आहे. ओली दोरी आखूड होते, हे मला ठाऊक असायला हवं होतं, दोऱ्या मी रोज हाताळतो. माझी मात्र कोरडी, खिळ्याला लोंबून लोंबून ताणलेली. बाबांच्या एकाच दोरीचं तुझं माप वेगळं झालं आणि माझं वेगळं. टेपवाले हसतील, हसू देत.

तरीही नवा पोलादी टेप सोबत पाठवतो आहे. यापुढे मापं त्याने.

एक विनंती. येऊ नकोस असं तू लिहिलंस ते मी बैठक नेऊन सुधारून टाकीन या भीतीने, हे मला आता कळलं. भीती रास्त होती. पण पुन्हा असं लिहू नकोस.

मे अखेरीचं काय होतं ते त्याच दिवशी कळव. मी इथे सगळ्यांवर खेकसतो आहे.

तुझा धाकटा


३१ मे

चि. खिळ्यास,
अ. उ. आ.

आजच जाऊन आले, म्हणून आजच लिहिते. कारखान्यातल्यांना सांग, आता सुटलात.

डॉक्टरीणबाईंनी मला वाकवलं, झोपवलं, पाय उचलायला लावले. मग विचारलं, कोणते व्यायाम करता. मी म्हटलं, भावाने घोडा पाठवलाय, त्याच्यावर बसते. त्यांना वाटलं, कंबर बरी झाली पण डोकं गेलं. मग तुझी भाची मध्ये पडली आणि तिने खुर्चीवर उलटं बसून, पाय इकडून तिकडे टाकून त्यांना दाखवलं. बाईंनी तिला ते पुन्हा एकदा करून दाखवायला लावलं. म्हणाल्या, असंच बसत जा, आणि ज्याने केली त्याचा पत्ता द्या. पत्ता दिला आहे. होडी नव्हे, स्वतःसाठी खुर्ची हवी आहे त्यांना. त्यांच्याशी भांडू नकोस.

भाचीने जिन्यातच शब्द परत दिला. मात्र अट घातली की महिन्यातून एकदा तिला होडीत न्यायचं. ती म्हणते, आता खिडकीतून पाणी बघताना त्यात मी कुठे आहे ते तिला कळायला हवं.

आता तुझं. तू त्या दिवशी पुढच्या फळीवर बसलास, आणि उतरताना कंबर धरून उतरलास. कुणाला दिसलं नाही असं तुला वाटलं. पुढच्या फळीला एक बैठक कर, तुझ्यासाठी. तिथे जाळं ओढायचं नसतं, नुसतं बघायचं असतं, तेव्हा आडवी चालेल आणि पाठही ठेव. ही पाठ यांना द्यायची नाही, तसं मी त्यांना आताच सांगून ठेवलं आहे. काढून ठेवता येईल अशी कर. तू नसताना माझ्या टोपल्या तिथेच असतात. पण महिन्यातून एकदा तरी ती घालावी लागेल असं बघ.

टेप पोचला. फार छान आहे, हे दिवसभर तो ओढतात आणि सोडतात. माप मात्र मी बाबांच्या दोरीनेच घेतलं आहे. पुढे होडी निमुळती होते, म्हणून सातच गाठी, बोट नाही. दोरी ओलीच होती. तेव्हा तू असं कर, तुझी अर्धी खिळ्यावरून काढ आणि रात्रभर बादलीत भिजत ठेव. माझ्या दोरीइतकी होईल. मग लाकडाला हात घाल.

तुझी ताई